सब्जेक्ट : आमच्याकडचा पाऊस

(ऐकायला वेळ नसतो, वाचायला आवडतं असं म्हणणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलताना शंभर वेळा आलेलं ‘म्हणजे’ तेवढं काढलंय. सगळं नाही निघालं.)

हेडफोन लावलेत ना? एसटीत असाल तर शेजारच्या काकांना त्रास नको.

आधी एक प्रश्न. तुम्ही शेवटचा इमेल कधी लिहिलात? ओटीपी आलेला नाही, तुम्ही स्वतः लिहिलेला. नोकरीसाठी ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ लिहून पाठवला असेल तर तो धरायचा नाही. एखाद्या माणसाला, चार ओळींपेक्षा मोठा, आणि पाठवल्यावर उत्तराची वाट बघितली असा?

मी माझा पहिला इमेल २००३ साली लिहिला. आठवीत होते. आणि दुसऱ्याच महिन्यात त्या इमेलमधून एक धडधडीत खोटं पाठवलं. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे. शाळेत इंटरनेट आणून नक्की होतं काय, हा प्रश्न मला कुणी विचारला की मला तेच आठवतं.

तर माझं गाव माण तालुक्यात. सातारा जिल्हा म्हटला की लोकांना महाबळेश्वर, स्ट्रॉबेरी आणि कास पठार आठवतं. आम्ही त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सह्याद्री ढग अडवतो, पाऊस तिकडेच पडून जातो आणि आमच्याकडे येतो तो नुसता वारा. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस होतो, आमच्याकडे चांगल्या वर्षी जेमतेम साडेचारशे-पाचशे. जिल्हा एक, कलेक्टर एक.

२००३ हे चांगलं वर्ष नव्हतं.

शाळेत एक कम्प्युटर होता. चपला बाहेर काढून आत जायचं, त्याच्यावर निळं कव्हर, खंडेनवमीला हळदकुंकू. कम्प्युटरच्या तासाला आम्ही तो बघायचो आणि वहीत लिहायचो, ‘माऊस हे इनपुट साधन आहे’. बहुतेक वेळा लाइट नसायची, त्यामुळे त्या साधनात कुणी काही इनपुट करायचा प्रश्नच नव्हता. (हसते.) फोनलाइन नव्हती, म्हणजे इंटरनेट नव्हतं.

पण आम्हाला भूगोल शिकवणारे सर होते आणि त्यांचे बी.एड.चे एक मित्र कोयनानगरच्या बाजूच्या एका शाळेत होते. दोघांनी ठरवलं की दोन्हीकडच्या आठवीच्या मुलांनी एकमेकांना इमेल करायचे आणि रोजचा पाऊस मोजून कळवायचा. ही कल्पना तशी नवी नाही. १९८८ मध्येच मॉस्कोतल्या १२ आणि न्यूयॉर्क राज्यातल्या १२ शाळांची मुलं कम्प्युटरवरून एकमेकांशी जोडली गेली होती, त्यातूनच पुढे आय-अर्न नावाचं शाळांचं जाळं उभं राहिलं. आमच्या सरांना ते माहीत होतं का, कुणास ठाऊक. त्यांचं म्हणणं साधं होतं : पर्जन्यछायेचा प्रदेश पाठ करून दोन मार्क मिळतात, पण पोरांना कळत काहीच नाही.

आता नेट नसताना इमेल कसा? फ्लॉपी! तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी फ्लॉपी फक्त सेव्हच्या चित्रात बघितली असेल. १.४४ एमबी. आज तुम्ही जो एक फोटो पाठवता, तो त्यात मावणार नाही. आम्ही आठवडाभर वहीत लिहायचो, लाइट आली की दोघं-तिघं मिळून टाइप करायचो, आणि बाजाराच्या दिवशी सर ती फ्लॉपी खिशात घालून तालुक्याच्या सायबर कॅफेत जायचे. तिथून मेल पाठवायचे, आलेला मेल फ्लॉपीवर घ्यायचे आणि भाजीच्या पिशवीसोबत आमचं इंटरनेट संध्याकाळच्या एसटीनं गावात यायचं.

आणि भाषा? मराठी टाइप करायचं तर शिवाजी नाही तर श्रीलिपीचे फॉन्ट. आपल्याकडे ‘पाऊस’ दिसायचा आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोड होता, पण आमच्या विंडोज ९८ ला त्याचं काही सुख नव्हतं. मग इंग्रजी अक्षरांत मराठी. तुम्ही आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता तसंच.

पाऊस मोजायचं यंत्र घरीच केलं. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, मानेखाली कापायची आणि तो वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ वाकडातिकडा असतो म्हणून खडे टाकून वर थोडं पाणी घालायचं, जिथं पाणी येईल ते शून्य, आणि तिथून वर पट्टी चिकटवायची. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं म्हणून आम्हीही साडेआठला घ्यायची. सरांनी चार वस्त्यांवर चार बाटल्या दिल्या. आमच्या वस्तीची माझ्याकडे.

पहिला मेल आम्ही ओळखीचा लिहिला. प्रत्येकानं घराबद्दल दोन-तीन वाक्यं. मी लिहिलं की आमची गाय छावणीत आहे, अण्णाही तिथंच राहतात. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. कोयनेच्या एका मुलीनं विचारलं होतं : ‘तुमची गाय मिलिटरीत आहे का?’

आख्खा वर्ग हसला. मीही हसले. तिची काय चूक, तिच्यासाठी छावणी म्हणजे सैन्याचीच. चारा संपला की जनावरं एका जागी नेऊन बांधतात, सरकारी चारा मोजून मिळतो, माणसं तिथंच जनावरांशेजारी झोपतात, हे तिला कुठून माहीत असणार? तिच्याकडे गवत कापून माणसं दमत होती. पण घरी आल्यावर मला ते हसू टोचायला लागलं. गायीबद्दल लिहिलंच कशाला, असं झालं.

त्यात रोजचे आकडे. साताऱ्याकडची माणसं जुलैत पेपर उघडला की आधी कोयना, नवजा, महाबळेश्वर बघतात. तिकडचे आकडे शंभर, दीडशे, दोनशे. एका दिवसाचे! आणि माझ्या वहीत शून्य, शून्य, शून्य. तीन आठवडे. शून्य लिहायची मला लाज वाटायला लागली, आकाशाचे नाही, माझेच मार्क लिहितेय असं वाटायचं. शिवाय शून्यच लिहायचंय तर बाटली बघायला कशाला जायचं? मी जायचं बंद केलं.

आणि मग एका आठवड्यात मी आकडे लिहिले. ६. ०. १४. ३. ०. अगदी खरे वाटावेत म्हणून मध्ये शून्यंसुद्धा ठेवली. टाइप मीच करायचे, कुणी विचारलं नाही. फ्लॉपी गेली.

पुढच्या बाजाराला उत्तर आलं. सर डॉट मॅट्रिक्सवर छापलेला कागद वर्गात वाचून दाखवायचे. त्याच मुलीचा मेल. आम्ही तिला ‘कोयनेची’च म्हणायचो. तिनं असं काहीसं लिहिलं होतं : ‘एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, असं आमच्या सरांनी सांगितलं. तू लिहिलंस की तुमच्या घराचा पत्रा वीस फूट बाय पंधरा फूट आहे. म्हणजे साधारण अठ्ठावीस चौरस मीटर. १४ मिलिमीटर पडला त्या दिवशी तुमच्या पत्र्यावरून जवळजवळ चारशे लिटर पाणी आलं असेल. म्हणजे दोन बॅरल. पण तुमच्या वर्गातल्या मुलानं लिहिलंय की दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि घरटी दोन बॅरल मिळाले म्हणून भांडणं झाली. मग तुम्ही पत्र्याचं पाणी भरून ठेवलं नाही का?’

तो मुलगा आमच्या शेजारच्या घरातला. एकाच फ्लॉपीत त्याचा टँकर आणि माझा पाऊस, दोन्ही गेले होते.

सर काही क्षण कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “काय गं, ते दोन बॅरल कुठं ठेवलेस?”

वर्ग हसायच्या बेतात होता, पण सरांचा आवाज हसण्यासारखा नव्हता. मी उभी. छडी पडणार असं वाटलं. खरं सांगू, पडली असती तर बरं झालं असतं, विषय तिथंच संपला असता. सर म्हणाले, “तिनं तुला विचारलंय. उत्तर तूच लिहायचं. बाजाराला अजून सहा दिवस आहेत.”

ते सहा दिवस! पहिल्यांदा मी लिहिलं की बाटली कुत्र्यानं पाडली आणि आत पाणी सांडलं. मग वाटलं, ती विचारेल, कुत्र्यानं तीन वेळा पाडली का? दुसऱ्या कागदावर लिहिलं की पाऊस आमच्या घरावरच पडला, शेजारी नाही. तो कागद तर आईच्या चुलीत मीच घातला. त्या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं, पण मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य वाचून ती काय विचारेल हे मला दिसायला लागलं होतं. निबंध लिहिताना असं कधी झालं नव्हतं. निबंध तपासला जातो. त्याच्यावर उलटून कुणी काही विचारत नाही.

शेवटी चार ओळी लिहिल्या. आकडे खोटे आहेत. जुलैत आमच्याकडे एकही दिवस पाऊस झाला नाही. शून्य लिहायला लाज वाटली. मी बाटली बघायला जात नव्हते.

फ्लॉपी गेली आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. बाकीच्यांनाही आलं नाही, पण ते माझ्यामुळेच, असं माझ्या मनानं घेतलं होतं. शेजारचा तो मुलगा तर तोंडावर म्हणाला, “तुझ्यामुळं बंद झालं सगळं.” तिसऱ्या आठवड्यात सर एसटीतून उतरले ते कागद हलवतच. तिकडे पावसानं रस्ता बंद होता, त्यांचे सर पाटणला जाऊच शकले नव्हते. बघा, आमच्याकडे लाइट नाही म्हणून मेल अडायचा आणि ज्या धरणातून वीज येते तिथे पावसानं अडायचा!

कोयनेचीनं तक्ता नव्यानं टाइप करून पाठवला होता. स्पेस मारून मारून रकाने पाडलेले. माझ्या रकान्यात सगळी शून्यं. आणि खाली तिचा प्रश्न : ‘आम्हाला जुलैत शून्य कधी मोजायला मिळत नाही. ज्या दिवशी शून्य असतं त्या दिवशी पण बाटली बघायला जावं लागतं का?’

तेव्हापासून मी रोज गेले. साडेआठला. त्या उत्तरात ‘हो’ लिहायचं होतं ना, मग जायलाच पाहिजे. सप्टेंबरात एकदा रात्री पाऊस झाला, सकाळी २३ मिलिमीटर. मी मेलमध्ये लिहिलं : ‘मोजलेला आहे. साक्षीदार आई.’

बरं, ही झाली २००३ ची गोष्ट. आता तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या खिशात फोरजी आहे, फ्लॉपीचं कौतुक कशाला सांगता? कौतुक नाहीये. वाईट व्यवस्था होती. पण काय पोचायचं ते बघा.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझा भाचा चौथीत होता. घरात एक फोन, तो भावजींच्या खिशात, भावजी संध्याकाळी सातला घरी. सातला ग्रुप उघडायचा : अकरा पीडीएफ, चार व्हिडिओ, आणि खाली पालकांचे ‘थँक्यू सर’चे फुलांचे स्टिकर. भाचा वहीत उत्तरं उतरवायचा, फोटो काढून टाकायचा, निळी टिक यायची. बास. अख्ख्या वर्षात त्या फोनमधून त्याला एकदाही कुणी विचारलं नाही की बाळा, हे तू असं का लिहिलंस? शिक्षकांना दोष देत नाहीये. एकेका शिक्षकावर तीन-तीन वर्ग होते, कितीतरी जण वस्त्यांवर चालत जाऊन शिकवत होते. पण इंटरनेट आलं ते टँकरसारखं आलं. वरून सोडलं, खाली भांडी लावा.

उलटं करून दाखवणारी माणसं आपल्याकडेच आहेत. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले सर तुम्हाला माहीत असतील, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ. दहा लाख डॉलरचा पुरस्कार आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. पेपरात जास्त आलं ते पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल. ते मोठं काम आहेच. मला मात्र त्यांचा दुसरा उद्योग जास्त महत्त्वाचा वाटतो : भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला बसवणं. भारत-पाकिस्तान, इस्राईल-पॅलेस्टाइन. क्यूआर कोड स्कॅन केला की उत्तर मिळतं. पलीकडे माणूस बसवला की प्रश्न येतो.

आता माझं सांगते. मी पुण्यात नोकरी करते, महिन्यातून दोन शनिवार गावी जाते. तीन वर्षांपूर्वी शाळेत विचारलं, सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन तो जुना पावसाचा उद्योग पुन्हा करू का? हो म्हणाले. कोयनेकडची एक शाळा शोधली. जुनी ओळख काही उरली नव्हती. आमचं तेव्हाचं फुकटातलं मेल खातं कधीच बंद पडलंय. ती कोयनेची आता कुठे आहे, मला माहीत नाही.

पहिल्याच महिन्यात एका मुलानं लिहिलं : काल १४ मिलिमीटर. मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. आकडासुद्धा तोच! मी म्हटलं, बाटली दाखव. बाटली कोरडी. “दीदी, मोबाईलमधी दावतंय की!” आणि खरंच दाखवत होतं. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये आमच्या गावाच्या नावापुढे १४.

त्यानं खोटं लिहिलं नव्हतं हो. माझ्यापेक्षा प्रामाणिक पोरगा. पण अ‍ॅपवाल्यांनी आमच्या वस्तीवर बाटली ठेवलेली नाही. कम्प्युटरचं गणित नकाशाचे मोठमोठे चौकोन पाडतं, एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा, आणि त्या चौकोनासाठी एक अंदाज देतं. आमच्याकडचा पाऊस तर असा की एका शेताला भिजवतो आणि बांधापलीकडे धूळ. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली. पटलं नव्हतं. मोबाईल चुकतो आणि कापलेली बाटली बरोबर, हे बारा वर्षांच्या मुलाला का पटावं? मी मेल जाऊ दिला. पलीकडून आठ दिवसांनी उत्तर आलं : ‘तुमचा १४ बाटलीतला का मोबाईलमधला? आमच्याकडे मोबाईल ४० दाखवतो आणि बाटली भरून वाहते.’ त्या दिवशी पटलं. आता वहीत दोन रकाने आहेत, मोबाईलचा आणि बाटलीचा. दर शनिवारी मुलं दोन्हींतला फरक काढतात आणि का, ह्याच्यावर भांडतात.

एआयचंही तेच. एका मुलीनं गावाची माहिती मागवली तर आलं, ‘आमचे गाव निसर्गाच्या कुशीत, हिरव्यागार डोंगरांनी वेढलेले.’ माणमध्ये! (हसते.) पलीकडच्यांनी लगेच विचारलं, डोंगरांची नावं काय? तिला उत्तर द्यायला बाहेर जाऊन बघावं लागलं. मी ‘एआय वापरू नको’ असं एकदाही म्हटलेलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण डी.एल.एड. करताय, काही जण गावच्या शाळेत शनिवार-रविवार शिकवता, म्हणून चार कामाच्या गोष्टी पटकन सांगते. मुलांची स्वतंत्र खाती काढू नका, तेरा वर्षांखालच्या मुलांना गूगल स्वतःचं खातं पालकांशिवाय उघडू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. वर्गाचं एकच खातं, पासवर्ड शिक्षकांकडे. मुलांचे फोटो, फोन नंबर, घरचा पत्ता मेलमध्ये नको, पहिलं नाव पुरे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे करू नका, मी करून बघितलंय, दोन दिवसांत गुड मॉर्निंग सुरू होतं. आणि आठवड्यातून एकदाच पाठवा. हा हट्ट माझा आहे, सगळ्यांना पटत नाही. पण मधले सहा दिवस फार कामाचे असतात. माझ्या चुलीतल्या कागदाला विचारा.

मेल मुलांनी लिहिलेला तसाच जाऊ द्या, शुद्धलेखन सुधारून ‘छान’ करू नका. पलीकडच्या मुलांना छान मेलमध्ये विचारण्यासारखं काही सापडत नाही.

गेल्या जुलैतला एक शनिवार सांगते आणि थांबते. कोयनेकडचा मेल उघडला. त्यांच्या एका दिवसाचा आकडा २१२. आमचा मोबाईलवाला तो मुलगा आता सातवीत. आमच्या रकान्यात आठवडाभर शून्यं. त्यानं सगळी नीट टाइप केली, एकेक करून, ‘वरीलप्रमाणे’ न लिहिता. मग पाठवायच्या आधी थांबला आणि मला म्हणाला, “दीदी, सब्जेक्टमधी काय टाकू? पाऊस तर नाहीच पडला.”

मी म्हटलं, तूच बघ.

त्यानं टाकलं : ‘आमच्याकडचा पाऊस’. आणि सेंड केलं.

तर मंडळी, ह्या वेळी कमेंट नको, लाइक नको. बाटली कापा, आठ दिवस साडेआठला बघा आणि मला मेल करा. गाव, तारीख, मिलिमीटर. पुण्यामुंबईवाल्यांनी गॅलरीत ठेवू नका, गच्चीवर ठेवा. उत्तर देईन, पण आठवड्यानं. आणि काहीतरी विचारीन. भेटू पुढच्या भागात.